रक्ताची जेनेटिक टेस्ट निगेटिव्ह आली, मग परत टेस्ट कशाला?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही सातारा जिल्ह्यातले. बाबा ७१ वर्षांचे आहेत. २०२१ ला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हाच हाडात पसरलेला होता. ऑपरेशन करून दोन्ही अंडकोष काढले, पुढे ॲबिराटेरॉनच्या गोळ्या सुरू झाल्या, तीनेक वर्षं एकदम छान गेली, रोज शेतावर चक्कर असायची. आता पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरची रक्तातली खूण) ४ वरून १९ वर गेलाय आणि पाठ दुखते म्हणतात. मागच्या वर्षी रक्तातून ब्राका जीनची टेस्ट केली होती, ती निगेटिव्ह. आता डॉक्टर म्हणतात जुन्या बायोप्सीचा ब्लॉक (जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) टेस्टला पाठवा, नाही जमलं तर लिक्विड बायोप्सी करू, म्हणजे परत रक्तच ना? चुलते म्हणतात हे सगळं कमिशनचं काम आहे. खरंच गरज आहे का?

उत्तर : दादा, आधी पाठीचं बोलू, टेस्टचं नंतर. हाडात कॅन्सर असलेल्या माणसाची पाठ नव्याने दुखायला लागली तर मणक्याचा एमआरआय लवकर करून घ्या, आणि पायातली ताकद कमी वाटली, चालताना तोल जायला लागला, लघवी अडकली किंवा बसायच्या जागी बधिर झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. मज्जारज्जूवर दाब आला असेल तर उशिरामुळे पाय कायमचे जाऊ शकतात. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आईंना सुद्धा.

आता टेस्ट. चुलत्यांचा राग मी समजू शकते, लोकांना खरंच नको त्या टेस्ट करायला लावलेलं मी पाहिलंय. पण इथे तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. मागच्या वर्षीची टेस्ट आणि आताची टेस्ट यांचा प्रश्नच वेगळा आहे. मागच्या टेस्टमध्ये बघितलं की बाबा जन्माला येताना आईवडिलांकडून बिघडलेलं ब्राका जीन घेऊन आले का. उत्तर आलं, नाही. पण कॅन्सरची गाठ वाढत जाते तसे तिच्या स्वतःच्या पेशींमध्ये नवे बिघाड होतात, ते बाबांच्या बाकी शरीरात नसतातच, मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून ते दिसणार कसे? प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ब्राका बिघडलेलं असतं त्यातल्या साधारण निम्म्या लोकांत तो बिघाड फक्त गाठीत असतो, म्हणजे पहिली टेस्ट निगेटिव्ह येऊनही. म्हणून ब्लॉक.

लिक्विड बायोप्सीलाही हातातूनच रक्त काढतात, पण शोधतात ते कॅन्सरच्या मेलेल्या पेशींमधून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे. रक्त तेच, टेस्ट वेगळी. हे कुणी नीट समजावून सांगत नाही आणि मग घरच्यांना वाटतं की दुसऱ्यांदा पैसे उकळले, यात चूक आम्हा डॉक्टरांची आहे.

हे शोधून फायदा काय, तर औषध बदलतं. पेशीत डीएनए सारखा तुटत असतो आणि तो दुरुस्त करणारे गवंडी असतात असं समजा, छोट्या भेगा बुजवायला पार्प नावाचं प्रथिन आणि आख्खी भिंत पडली तर ब्राका. गाठीत ब्राका आधीच गेलेलं असेल आणि औषधाने पार्पलाही अडवलं तर त्या पेशीला दुरुस्ती जमत नाही आणि ती मरते, बाकी शरीरातल्या पेशींत ब्राका शाबूत असतं म्हणून त्या तगतात. ओलापॅरिब हे असं औषध. २०२० साली प्रोफाउंड नावाच्या ट्रायलचे निकाल आले, त्यात ब्राका १, ब्राका २ किंवा एटीएम नावाचं जीन बिघडलेल्या आणि हार्मोनची गोळी (बाबांच्या ॲबिराटेरॉनसारखी) फेल गेलेल्या पेशंटमध्ये आजार पुढे सरकेपर्यंतचा काळ ओलापॅरिबवर ७.४ महिने होता, तर दुसरी हार्मोनची गोळी दिलेल्यांत ३.६ महिने. बरं करणारं औषध नाही हे, मी खोटी आशा लावणार नाही, पण ज्याच्या घरात पेशंट आहे त्याला चार महिने म्हणजे काय ते विचारा. सगळ्यात जास्त फायदा ब्राका २ वाल्यांना दिसतो, एटीएममध्ये तेवढा स्पष्ट नाही. हिमोग्लोबिन उतरतं, मळमळ आणि थकवा येतो, दर महिन्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) लागतो, काहींना रक्त चढवावं लागतं.

औषध महाग आहे, ते परवडणार नाही म्हणून टेस्टच नको असं बरेच जण म्हणतात. ते करू नका. ब्राका बिघडलेलं निघालं तर कार्बोप्लॅटिनसारखी जुनी, स्वस्त किमो सुद्धा अशा गाठींवर चांगली लागू पडू शकते, आणि हा विचार डॉक्टरांच्या डोक्यात येण्यासाठी रिपोर्ट हातात हवा. शिवाय त्याच पॅनेलमध्ये, म्हणजे एकत्र तपासायच्या जीनच्या यादीत, एमएसआय (डीएनएमधल्या छोट्या चुका दुरुस्त होत नसल्याची खूण) बघतात, शंभरात तीनेक लोकांत तो हाय निघतो आणि त्यांच्यासाठी पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी असते.

ब्लॉकचं मात्र मनावर घ्या. ब्लॉक म्हणजे बायोप्सीचा तुकडा ज्या मेणात जपून ठेवतात ती छोटी वडी, ती पॅथॉलॉजी विभागातून अर्ज करून, सही करून मिळते. नुसत्या काचेच्या स्लाइड घेऊन येऊ नका, ब्लॉकच मागा, आणि टेस्ट झाल्यावर उरलेला ब्लॉक परत मागून घ्या. माझ्याकडे एक काका यायचे, त्यांचा ब्लॉक दोन लॅबच्या मधे कुठेतरी गहाळ झाला, तो शोधण्यात दीड महिना गेला आणि तोपर्यंत त्यांची तब्येत पुन्हा बायोप्सी करण्याइतकी राहिली नव्हती. आजही आठवलं की वाईट वाटतं. जुन्या ब्लॉकमधला डीएनए खराबही होतो, त्या प्रोफाउंड ट्रायलमध्येच तपासायला घेतलेल्या नमुन्यांपैकी साधारण ३१ टक्क्यांतून रिझल्ट मिळालाच नव्हता. म्हणून लॅबला पैसे देण्याआधी विचारा की नमुना फेल गेला तर काय, पैसे परत की रक्तावर टेस्ट करून देणार, आणि पॅनेलमध्ये कुठले जीन आहेत ते लेखी घ्या, नुसतं ब्राका नको, एटीएम, पाल्ब२, सीडीके१२ वगैरे जीन पण हवेत. काही ठिकाणी औषध कंपन्यांच्या मदतीने ही टेस्ट फुकट किंवा कमी पैशात होते, तेही विचारायला लाजू नका.

लिक्विड बायोप्सीची वेळ म्हणाल तर आत्ताच, पीएसए वाढतोय आणि नवं औषध अजून सुरू झालं नाही तोवर. औषध लागू पडून पीएसए खाली आला की रक्तात कॅन्सरचा डीएनए इतका कमी होतो की टेस्ट निगेटिव्ह येते आणि त्या निगेटिव्हला अर्थ नसतो. आणि त्यात एटीएम किंवा चेक२ (हेही एक जीन) पॉझिटिव्ह आलं तर लगेच खूश होऊ नका, वय झालं की रक्ताच्या पेशींतच असे बिघाड होतात आणि ते गाठीचे वाटू शकतात, डॉक्टरांना हे आवर्जून विचारा.

प्रश्न : माझ्या वडिलांना प्रोस्टेट कॅन्सर आहे, रक्ताच्या टेस्टमध्ये ब्राका २ पॉझिटिव्ह आलं. मी २६ वर्षांची, लग्न व्हायचंय. भाऊ ३८ चा, तो म्हणतो हे बायकांचं जीन आहे, मला काय करायचंय. आई म्हणते टेस्ट करू नको, स्थळं येणार नाहीत. काय करू? - फोंडा

उत्तर : ताई, वडिलांच्या रक्तात निघालंय म्हणजे तुम्हा प्रत्येक भावंडात ते असण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो की मुलगी. २०१३ ला अभिनेत्री अँजेलिना जोलीने ब्राकामुळे स्तन काढून घेतल्याची बातमी आली तेव्हापासून ब्राका म्हणजे बायकांचं असं डोक्यात बसलंय, पण तुमचे वडीलच बघा ना. भावाला सांगा की पॉझिटिव्ह निघाला तर ४० पासून त्याने पीएसए तपासत राहायला हवं, ब्राका २ मधला प्रोस्टेट कॅन्सर जास्त आक्रमक असतो.

तुमचं म्हणाल तर टेस्ट करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, आईने नाही आणि मीही नाही. फक्त त्याआधी जेनेटिक काउन्सेलरला एकदा भेटा, टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. पॉझिटिव्ह आलं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. त्याचा अर्थ दरवर्षी ब्रेस्टचा एमआरआय, जो या वयात करण्यासारखा आहे, आणि अंडाशयं काढायचा विचार बऱ्याच पुढे, मुलं झाल्यावर, चाळिशीच्या आसपास. आईंची भीती खोटी नाही, म्हणून रिपोर्ट कुणाला दाखवायचा ते तुमच्या हातात ठेवा, लग्न ठरताना होणाऱ्या नवऱ्याशी बोला, आख्ख्या गोतावळ्याशी नाही. रिपोर्टमध्ये व्हीयूएस असं लिहून आलं तर त्याचा अर्थ बदल दिसला पण तो घातक आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही, त्यावरून कुठलंही ऑपरेशन करून घेऊ नका. आणि टेस्टला जाताना वडिलांचा मूळ रिपोर्ट सोबत न्या, त्यातला नेमका तोच बदल शोधायचा असल्याने तुमची टेस्ट बरीच स्वस्तात होते.