रेघ तीच, पेशी तीच; मग स्पाइक कमी-जास्त का?

प्रश्न: मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या एकाच पेशीला तीच रेघ पुन्हापुन्हा दाखवली, तरी दर वेळी विद्युत-स्पाइकांची (पेशीतून उठणाऱ्या विजेच्या क्षणिक ठोक्यांची) संख्या बदलते असं वाचलं. हा उपकरणाचा दोष का?

उत्तर: थोडा असू शकतो, पण मुख्य चढउतार मेंदूचाच असतो. मोजायचं असं: रेघ निदान पन्नास-शंभर वेळा दाखवा, दर वेळी ठरलेल्या कालखंडातले स्पाइक मोजा, मग विचरणाला (प्रत्येक आकड्याच्या सरासरीपासूनच्या फरकाचा वर्ग, आणि त्या वर्गांची सरासरी) स्पाइकांच्या सरासरीने भागा. या गुणोत्तराला फॅनो गुणांक म्हणतात. दृष्टिकेंद्रात तो बहुधा १ च्या आसपास येतो. म्हणजे सरासरी १० स्पाइक असतील, तर विचरणही १० च्या आसपास, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे ३; म्हणून एकदा ७, एकदा १३ हे अगदी नेहमीचंच.

हा गुणांक फुगलेला दिसला तर आधी डोळे तपासा. नजर रोखलेली असतानाही बुबुळं किंचित हलतात आणि रेघ पेशीच्या इवल्याशा दृष्टिक्षेत्रातून निसटते. इलेक्ट्रोड (स्पाइक टिपणारी बारीक तार) सरकला किंवा शेजारच्या पेशीचे स्पाइक मिसळले, तरी हिशेब चुकतो.

हे सगळं सांभाळूनही चढउतार उरतोच, आणि खरी गंमत तिथेच आहे. रेघ दिसण्याआधीही दृष्टिकेंद्र शांत नसतं; तिथे विद्युत-हालचालीच्या लाटा चालूच असतात. १९९६ मध्ये मेंदू-संशोधक अमोस अरिएली आणि सहकाऱ्यांनी मांजरांवर दाखवलं, की त्या आधीच्या लाटेवरून पुढच्या प्रतिसादाचा बराचसा अंदाज बांधता येतो. अशी लाट शेजारच्या पेशींना एकत्रच वरखाली करते, म्हणून नुसत्या जास्त पेशींची सरासरी काढून ती पुसली जात नाही.