गाव एका तालुक्यात आणि आमदार दुसऱ्या तालुक्याचा, असं का? त्यानं कामं अडतात का?

अडतात. मी पंढरपूर तालुक्यातल्या भाळवणी महसूल मंडळातला. तहसील पंढरपूर, पंचायत समिती पंढरपूर, बाजार पंढरपूर आणि आमदार सांगोल्याचा. आमच्या एका तालुक्याचे चार विधानसभा मतदारसंघांत तुकडे आहेत: पंढरपूर, माढा, मोहोळ आणि सांगोला. त्यातले दोन सोलापूर लोकसभेत, दोन माढा लोकसभेत. म्हणजे तालुका एक, आमदार चार, खासदार दोन.

कारण विचारलंत तर ते लोकसंख्येचं. २००१ च्या जनगणनेवर मतदारसंघांची फेररचना झाली, २००८ ला आदेश निघाला. विधानसभेच्या जागेनं जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही आणि जागांची लोकसंख्या जवळपास सारखी ठेवायची, मग कुठल्यातरी तालुक्याची मंडळं उचलून शेजारी जोडावी लागतात. कागदावर ते बरोबर दिसतं.

आता अडतात कशी ते सांगतो. काही वर्षांपूर्वी डाळिंबाचा आंबे बहार धरला होता. पाणी बंद ठेवून दिलेला ताण तोडला, पाणी सुरू केलं, झाडं कळीवर आली आणि त्याच आठवड्यात आमचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. त्या एका डीपीवर आम्ही चौदा शेतकरी. पहिल्या दिवशी वीज कार्यालयात अर्ज दिला. दुसऱ्या डीपीचा नंबर लागेना, म्हणून तालुक्यातल्या एका पुढाऱ्याकडे गेलो. आमच्या वडिलांनी त्यांच्यासाठी रात्र-रात्र गाव जागवलेलं. ते म्हणाले, "तुमचं गाव सांगोल्यात येतंय, तिकडच्या आमदाराला सांगा." तिकडं गेलो तर तिथल्या कार्यकर्त्याचा पहिला प्रश्न, "तालुका कुठला?" पंढरपूर म्हटल्यावर त्यानं वहीच मिटली.

अकरा दिवस गेले. रोज सकाळी मी बागेत जायचो. ठिबकच्या नळ्या उन्हानं गरम लागायच्या आणि झाडाखाली लाल कळीचा सडा. पायाखाली ती कळी कुरकुर वाजायची. वडील एक-एक कळी उचलून तळहातावर घेऊन बघायचे, परत खाली ठेवायचे. शेवटी चौदा जणांनी वर्गणी काढली, जळका डीपी स्वतःच्या ट्रॉलीत घालून नेला, दुरुस्त केलेला घेऊन आलो. काळं पडलेलं तेल ट्रॉलीत सांडलं होतं, त्याचा वास कितीतरी दिवस गेला नाही. तो बहार गेला तो गेलाच.

आमचे दाजी सांगोल्याकडचे. त्यांचं म्हणणं कायम एकच, "पाव्हणं, तुम्हाला आबांचा मतदारसंघ मिळाला हे नशीब समजा." आबा म्हणजे सांगोल्याचे आमदार राहिलेले गणपतराव देशमुख; त्यांच्याबद्दल माझ्याही मनात आदरच आहे. १९६२ ला पहिल्यांदा आणि २०१४ ला अकराव्यांदा निवडून आले, एसटीनं फिरले, शेतकरी कामगार पक्ष सोडला नाही. पण माणूस मोठा होता म्हणून जोडणी बरोबर ठरत नाही. ते पहिले सांगोल्याचे होते आणि असायलाही हवे होते. टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी ते जन्मभर भांडले ते सांगोल्याच्या दुष्काळापायी. आमच्या कडेच्या गावांचं दुखणं वेगळं आहे.

दाजींचा दुसरा मुद्दा एकगठ्ठा मतांचा. २०१९ ला सांगोल्याच्या विधानसभा निवडणुकीत शहाजीबापू पाटील अनिकेत देशमुखांपेक्षा फक्त ७६८ मतांनी पुढं राहिले. "तुमच्या दोन गावांनी ठरवलं असतं तरी निकाल फिरला असता," असं दाजी त्या निकालापासून आजवर सांगतात. ठरवता येतं, मान्य. पण निकाल फिरवणं वेगळं आणि डीपी जळल्यावर फोन उचलला जाणं वेगळं. पंचायत समितीची आमसभा आमदाराच्या अध्यक्षतेखाली होते. ज्या तालुक्याला चार आमदार, तिथं कडेच्या गावानं कुणाकडं बघून उठून बोलायचं? दाजींनी याचं उत्तर मला अजून दिलेलं नाही.

एक मात्र खरं, डीपी बदलणं हे वीज कंपनीचं काम आहे, त्याला आमदार लागूच नये. सातबारा, रेशन, दाखले यांना मतदारसंघाचा संबंध नाही, तिथं बिनधास्त तालुक्यालाच भांडा. रस्ता, सभामंडप असलं काही आमदार निधीतून हवं असेल तर मात्र स्वतःच्या मतदारसंघाच्या आमदारालाच लेखी द्या आणि पोच घ्या. सगळेच आमदार टाळतात असंही नाही. आम्हाला भेटले ते दोघं तर आमदारही नव्हते.

पुढची फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर व्हायची आहे. मसुदा निघतो, हरकती मागवतात, सुनावणी होते. गावाचा ठराव आत्ताच करून ठेवा. आमच्या ग्रामसभेत मी विषय मांडला आहे, आणि दाजींनाही सांगितलंय, सांगोल्याच्या बाजूनं तुमचीही सही पाहिजे.