अभयारण्यात राहणाऱ्या धनगर गवळ्यांना एसटी (अनुसूचित जमात) नसताना वनहक्क मिळतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाडा म्हणजे तुमची वस्ती बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या आत, जात धनगर गवळी, एसटीचा दाखला नाही, आणि "तुम्हाला हक्कच नाही, १५ लाख घ्या नि बाहेर पडा" असं कुणीतरी सांगून गेलंय.

हक्क आहे. २००६ चा वनहक्क कायदा एकट्या एसटींचा नाही, 'इतर पारंपरिक वननिवासी' हा दुसरा गट त्यातच आहे. आपल्याकडच्या सिद्दींना (मूळ आफ्रिकेतून आलेली जमात) २०२० च्या दुरुस्तीनं बेळगाव, धारवाड जिल्ह्यांतही एसटी मिळालं, त्यामुळे त्यांना वर्षांचा हिशेब द्यावा लागत नाही. तुम्हाला द्यावा लागेल. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, आणि कायद्याची एक पिढी २५ वर्षांची. म्हणजे १९३० पासून जंगलात राहून जंगलावरच पोट भरत आलोय, हे दाखवायचं. सगळे अडकतात ते इथंच. ही ७५ वर्षं राहण्याची आहेत, एकाच तुकड्यावरच्या कब्जाची नव्हेत. जमिनीचा कब्जा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला तरी चालतो.

आणि भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं म्हणून कायदा बाहेर राहत नाही. त्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्य धरलेलंच आहे. दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, हे कलम ४(५) मध्ये लिहिलंय.

आता पुरावा. पहाणीला (म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्याला) नाव नसणार, ते सोडून द्या. स्वतः दावेदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा आहे. जुनी विहीर, मयत पुरण्याची जागा, देवाचं ठिकाण हाही पुरावा. दोन वेगवेगळ्या प्रकारचे पुरावे लागतात. १८८४ चं बेळगावचं गॅझेटियर आहे, त्यात गावाचं किंवा जमातीचं नाव सापडतं का बघा, नियमांत गॅझेटियरचा उल्लेख आहे. म्हशी जंगलात सोडल्या म्हणून आजोबाला दंड झाला असेल तर ती पावतीही जपून ठेवा. तेवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येत नाही, आणि त्या साली तुम्ही तिथं होता हे वनखात्याच्याच कागदावर दिसतं.

पहिल्यांदा जबाब लिहून घेतला तेव्हा मी गाढवपणा केला. एका आजोबांना विचारलं, "किती वर्षं झाली इथं?" म्हणाले, "झाली की साठ-सत्तर." मी तसंच लिहिलं आणि कागद परत आला, ७५ भरत नाहीत म्हणून. दुसऱ्या खेपेला वर्षं विचारलीच नाहीत. गोवा सुटला तेव्हा तुम्ही केवढे होता, एवढंच विचारलं. "मिसरूड फुटलं होतं, लोणी घेऊन खाली जायचो," म्हणाले. वडील कुठं जन्मले? त्यांनी वाड्यामागच्या तीन दगडांकडं हात केला. "तिथं त्यांची नाळ पुरलीया, आजाबी तिथंच हाय." १९६१ मधून मागं मोजत गेलो, हिशेब १९३० च्या पलीकडं गेला. दगडांचे फोटो जोडले.

माझं मत विचाराल तर गुंठ्यांच्या मागं आधी लागू नका. वैयक्तिक दाव्यात फार तर ४ हेक्टर, तेही प्रत्यक्ष कसत असाल तेवढंच. गवळ्याचं पोट म्हशींवर, आणि म्हशी चार हेक्टरांत बसत नाहीत. चराई, पाणवठे, ये-जा करायच्या वाटा, मध-शिकेकाई यांचा सामूहिक दावा आधी टाका. त्याचा फॉर्म वेगळा असतो. म्हशी पावसाळ्यात कुठवर जातात नि उन्हाळ्यात कुठल्या ओढ्यावर, हे बायकांना विचारून नकाशावर काढा. पुरुष हमखास एखादा पाणवठा विसरतात.

सभा पंचायतीची नव्हे, वाड्याची घ्या. निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बायका. ठराव कन्नडमध्ये लिहिणारा कुणीतरी आधीच हेरून ठेवा, पण सह्या करण्याआधी तो मराठीत मोठ्यानं वाचून घ्या.

ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचं उदाहरण तुम्हाला कुणी तरी देईलच: २०१३ मध्ये १२ ग्रामसभांनी 'नाही' म्हटलं आणि खाण थांबली. पण तिथं समोर कंपनी होती. आपल्याकडं समोर वाघ आहे, आणि वाघाविरुद्ध बोलणाऱ्याला शहरात सहानुभूती मिळत नाही. शिवाय वाड्यातल्या पोरांना खरंच बाहेर जायचं असतं. आजारी माणूस पावसात खाटेवर वाहून नेला असेल, त्यानं पैसे घेतले तर मी त्याला नाव ठेवणार नाही. फक्त दाव्याचा निकाल लागण्याआधी संमतीच्या कागदावर सही करू नका.

दावा दिला की शिक्का, तारीख, सही असलेली पोच घ्या. फेटाळला तर कारण लेखी मागा, वरच्या समितीकडं जायला ६० दिवस मिळतात. आणि जबाब पाऊस सुरू व्हायच्या आत उरका. ओढे भरले की वाड्यात कुणी येत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते आजोबा असतीलच असं नाही.