सेकंडहँड थारचे चारही टायर २४५/७५ आर १६ आणि स्टेपनी २३५/७० आर १६ : अशी गाडी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की २०१६ ची थार सीआरडीई फोर बाय फोर पसंत पडली, टोकनही दिलं, आणि घरी येऊन फोटो मोठे करून बघताना लक्षात आलं की खाली २४५/७५ आर १६ चे ऑल टेरेन टायर आहेत आणि मागच्या फाळक्यावर कंपनीची मूळची २३५/७० आर १६ तशीच टांगलेली आहे. विकणारा म्हणतो, "डिस्क सोळाचीच आहे, बसते की. स्टेपनी काय रोज लागते का?"

इंजिन, चासी, कागदपत्रं ठीक असतील तर एवढ्यासाठी गाडी सोडू नका. पण या गाडीला स्टेपनीच नाही असं धरून भाव करा. मी माझ्या जुन्या थारवर नेमकं हेच दोन वर्षं चालवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बसते हे खरं आहे. सोळा हा आकडा फक्त डिस्कचा. टायरची उंची वेगळी मोजावी लागते. २३५/७० मधला पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते. २३५ चे ७० टक्के म्हणजे एका बाजूची भिंत १६४.५ मिमी. ती दुप्पट करून त्यात डिस्कचे ४०६.४ मिळवले की पूर्ण व्यास ७३५ मिमी येतो. २४५/७५ चा तसाच काढला तर ७७४ मिमी. फरक ३८ मिमीच्या वर, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त. डोळ्याला तो फारसा दिसत नाही, पण रस्त्यावर लहान चाक दर किलोमीटरला मोठ्यापेक्षा साधारण २१ फेरे जास्त फिरतं. दोन्ही मागे एकाच अ‍ॅक्सलवर असतील तर हे २१ फेरे डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांना, सतत पचवावे लागतात. एरवी हे काम त्याला फक्त वळणावर असतं. पंक्चरच्या दुकानापर्यंत पंधरा-वीस किलोमीटर हळू गेलात तर काही बिघडत नाही. पुण्याहून रत्नागिरी मात्र तसं जाऊ नका, तेल तापतं आणि झीज होते.

खरा धोका फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर मिळतो तेव्हा आहे. जुन्या थारला पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधलं डिफरन्शियल नाही. लिव्हर फोर-एचला टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या पेटीत) एकमेकांना घट्ट बांधले जातात. चारातलं एक चाक लहान असेल तर त्या अ‍ॅक्सलचा सरासरी वेग दुसऱ्यापेक्षा वेगळा पडतो. हिशेब केला तर दर शंभर मीटरला चाकाचा जवळजवळ एक पूर्ण फेरा जास्तीचा होतो. चिखलात, वाळूत चाक थोडं घसरतं आणि तो फेरा तिथेच सुटतो. डांबर किंवा सिमेंटवर घसरायला जागा नसते, मग तो पीळ शाफ्ट, जॉइंट आणि ट्रान्सफर केसच्या चेनमध्ये साठत जातो.

माझ्या बाबतीत झालं ते असं. जुलै महिना, ताम्हिणी उतरून माणगावच्या बाजूला एका वाडीवर चाललो होतो. मागचं डावं चाक पंक्चर झालं. भर पावसात स्टेपनी लावली, मापाचा विचारही मनात आला नाही. पुढे लाल चिखलाचा चढ लागला, फोर-एच टाकलं, गाडी झकास चढली. चढ संपला तिथून वाडीचा सिमेंटचा रस्ता सुरू झाला आणि मी लिव्हर काढायची विसरलो. तीन-चारशे मीटर गेलो असेन. स्टिअरिंग जड झालं, वळणावर खालून कट्-कट् आवाज यायला लागला, गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी ओढत होती. थांबून लिव्हर टू-एचला (जोर फक्त मागच्या चाकांना) ओढली, तर ती हलेचना. दोन्ही हातांनी ओढली तरी नाही.

अशा वेळी लिव्हरशी झटापट करायची नाही. मी स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी वीस-पंचवीस फूट मागे घेतली, थोडी सैल वाटली, पण लिव्हर तरी अडकलेलीच. शेवटी तेच मागचं डावं चाक बदलायचं म्हणून दोन चाकांना दगड लावून जॅक दिला. टायर सिमेंटवरून सुटला त्या क्षणी 'धाड' आवाज करत चाक उलटं पाव फेरा फिरलं. माझा हात पाना घेऊन वीतभर अंतरावर होता. त्यानंतर लिव्हर दोन बोटांनी निघाली. पीळ बसलेल्या गाडीचं चाक उचलताना हात, पाय, पाना सगळं लांब ठेवा, हे मी मनापासून सांगतोय.

तुम्ही पाचवा टायर घेईपर्यंत वाटेत पंक्चर झालंच, तर लहान स्टेपनी मागे लावू नका. मागचं पंक्चर असेल तर पुढचं चांगलं चाक काढून मागे न्या आणि स्टेपनी पुढे बसवा. वीस मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या. टू-एचमध्ये पुढची चाकं नुसती ओढली जातात, तिथलं डिफरन्शियल साधं आहे, त्याच्यावर जोर येत नाही. मागे मात्र २०१५ च्या फेसलिफ्टनंतरच्या थारला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आलं, म्हणजे एक चाक घसरलं की दोन्ही मागची चाकं आपोआप एकत्र बांधणारं. ओल्या रस्त्यावर एक चाक घसरून लॉक लागलं आणि दोन्ही चाकं वेगळ्या मापाची असली तर ती एकमेकांशी भांडतात. स्टेपनी पुढे असताना तो कोपरा १९ मिमी खाली बसतो आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढू शकते, तेव्हा साठच्या आत चालवा. फोर-एचला हात लावायचा तो फक्त चिखलात अडकलात तर, आणि बाहेर पडल्याबरोबर काढायचा.

पैसे देण्याआधी एक सकाळ काढा. स्टेपनी फाळक्यावरून उतरवा आणि खरोखर चाकाच्या जागी लावून बघा. आफ्टरमार्केट अलॉय घातलेल्या गाड्यांचे नट कधीकधी त्या अलॉयपुरतेच असतात आणि कंपनीच्या लोखंडी डिस्कवर नीट टेकत नाहीत. तसं असेल तर जुन्या नटांचा संच गाडीतच हवा. मग टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, सपाट सिमेंटवर गाडी एक फेरा सरळ ढकला, पुन्हा खूण करा आणि टेपने मोजा. चारही चाकांचं असं माप घ्या. बाजूच्या भिंतीवर एकच आकडा छापलेला असला तरी झिजेमुळे फरक निघतो. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा. २३१६ म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. ही स्टेपनी गाडीइतकीच जुनी असणार. नक्षी कोरी दिसली तरी उन्हात रबर कडक झालेलं असतं, भिंतीवर बारीक भेगा शोधा.

आणखी एक. मोठ्या टायरवर मीटर कमी दाखवतो. ही गाडी पहिल्यापासून २४५ वर पळाली असेल तर मीटरवरचे ६०,००० म्हणजे प्रत्यक्षात ६३,००० च्या पुढे. भाव करताना हे बोला.

पाचवा टायर घेताना त्याच मापाचा आणि शक्यतो त्याच पॅटर्नचा घ्या. चारही निम्मे झिजले असतील तर कोऱ्या टायरने व्यासात आठ-दहा मिमीचा, म्हणजे एक-सव्वा टक्क्याचा फरक पडेल. जुन्या थारसारख्या पार्ट-टाइम (हवं तेव्हाच चारही चाकं जोडणाऱ्या) गाडीत चिखलापुरतं ते चालून जातं. माझा कल मात्र निम्मा झिजलेला सेकंडहँड टायर शोधण्याकडे असेल. तो स्टेपनीपेक्षा अलीकडच्या वर्षाचा मिळाला तर फारच छान. (हाच प्रश्न पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनर फोर बाय फोरबद्दल असता तर माझं उत्तर जास्त कडक असतं. ती कायम चारही चाकांवर चालते, तिथे टू-एचची पळवाट नाही.) मोठी स्टेपनी जडही असते, म्हणून फाळक्याच्या बिजागऱ्या आणि स्टेपनीचा ब्रॅकेट हलवून बघा, खडखड वाजत असेल तर आधी तो घट्ट करून घ्या. नंतर दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही चाकं फिरवत राहा, म्हणजे स्टेपनी कोरी आणि बाकी चार गुळगुळीत अशी वेळ येणार नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पाचही चाकं परत २३५/७० वर आणायची. तुमचं चालवणं बहुतेक डांबरावरच असेल तर मी हेच करीन. मीटर खरा दाखवेल, गिअर कंपनीने ठरवल्याप्रमाणे ओढतील आणि विम्याच्या वेळी टायरच्या मापावरून कुणी प्रश्न काढणार नाही. विकणाऱ्याला विचारा, मूळच्या चार डिस्क कुठे आहेत. लोक त्या सहसा भंगारात देत नाहीत, गोठ्यात नाहीतर माळ्यावर पडून असतात. सौद्यात त्या मागून घ्या.