रेसिडेंट म्हणजे ‘निवासी अधिकारी’ का?

परभणीच्या एका वाचकानं विचारलंय: आजोबांच्या हैदराबाद मुक्तिलढ्याच्या आठवणी टाइप करतोय, त्यात ‘रेसिडेंट’ सारखा येतो. तिथं ‘निवासी अधिकारी’ लिहू का? आणि राज्य निजामाचं होतं, तर हा इंग्रज त्यात कोण लागून गेला?

‘निवासी’ लिहू नका. आपल्याकडे निवासी म्हटलं की निवासी उपजिल्हाधिकारी नाही तर संपावर गेलेले निवासी डॉक्टर डोळ्यांसमोर येतात. रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारी बसलेला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, हा रेसिडेंटच ठेवावा.

मुळात युरोपात परक्या दरबारी मुक्काम ठोकून राहणारा, राजदूतापेक्षा खालच्या पायरीचा प्रतिनिधी तो रेसिडेंट. आपल्याकडे या कामाला जुना शब्द होता, वकील. कोर्टातला नव्हे, दरबारातला. पेशव्यांचे गोविंदराव काळे निजामाकडे वकील होते, ते याच अर्थानं. पुण्यात 1786 साली आलेला इंग्रजांचा रेसिडेंट मॅलेट सुरुवातीला तरी याच जातीचा.

फरक पडला तो फौजेमुळे. 1798 मध्ये निजामानं तैनाती फौजेचा (आपल्या खर्चानं इंग्रजी पलटणी राज्यात ठेवून घेण्याचा) तह केला, आणि ज्याच्या पाठीशी पलटणी उभ्या त्याचा ‘सल्ला’ कोण मोडणार? वकील आपल्या धन्याची बाजू मांडतो. रेसिडेंट तर दिवाण कोण असावा इथपर्यंत बोलू लागला. फर्मान मात्र शेवटपर्यंत निजामाच्याच नावानं निघे. सत्ता इंग्रजांची आणि शिक्का निजामाचा अशी ही सोय होती, आणि इंग्रजांना ती स्वस्तात पडत होती. 1874 मध्ये मलायातल्या (आजच्या मलेशियातल्या) पेराक राज्यात त्यांनी हाच शब्द नेला. तिथल्या तहात तर धर्म आणि मलय रूढी सोडून बाकी सगळ्यात सुलतानानं रेसिडेंटचा सल्ला मानलाच पाहिजे असं लिहूनच घेतलं. दुसऱ्याच वर्षी तिथला पहिला रेसिडेंट बर्च मारला गेला.

मराठवाड्यातल्या खेड्यातल्या माणसाला रेसिडेंट दिसण्याचं कारण नव्हतं. त्याचा साहेब म्हणजे तहसीलदार, फार तर जिल्ह्याचा अव्वल तालुकदार (इंग्रजी मुलखातल्या कलेक्टरच्या जागी हा, आजोबांच्या लिखाणात तालुकदार आला तर त्याला तालुक्याचा अधिकारी समजू नका). रेसिडेंटचा हात पोचायचा तो छावण्यांमधून. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, इथं ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचे तळ होते. अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार निजामाच्या खजिन्यातून! तो पगार थकला, कर्ज झालं आणि 1853 मध्ये वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे गेला. नळदुर्गला मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी कारभार पाहू लागला. 1857 च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला म्हणून 1860 मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र गेलं ते गेलंच. म्हणजे धाराशिवकडच्या लोकांनी मधली काही वर्षं थेट इंग्रजी अंमल पाहिलाय, हे आपण सहसा विसरतो.

‘रेसिडेन्सी’ वाचताना जरा जपून. कधी ती हैदराबादच्या कोठी भागातली, रेसिडेंट कर्कपॅट्रिकनं बांधवून घेतलेली भव्य इमारत असते (याच गृहस्थाला निजामानं ‘हशमत जंग’ किताब दिला होता, पुढं तिथं मुलींचं कॉलेज झालं). कधी तिच्या भोवतालचा रेसिडेन्सी बाजार असतो. तिथं निजामाचा नव्हे, रेसिडेंटचा अंमल चाले. 1933 मध्ये तो भाग निजामाला परत मिळाला आणि सुलतान बाजार झाला. तेव्हा ‘रेसिडेन्सीत सभा झाली’ असं वाक्य आलं, तर साहेबाच्या दिवाणखान्यात झाली असा अर्थ घेऊ नका.

‘पोलिटिकल एजंट’ही इंग्रज सरकारच्या त्याच खात्यातला, पण सहसा लहान संस्थानांवरचा. हैदराबाद, म्हैसूर, बडोदा अशा मोठ्या ठिकाणी रेसिडेंट.

आणखी एक. 15 ऑगस्ट 1947 नंतर हैदराबादला रेसिडेंट उरला नाही. नोव्हेंबरात भारत आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, आणि 1948 च्या जानेवारीपासून भारत सरकारतर्फे तिथं कन्हैयालाल मुन्शी होते, पण ‘एजंट-जनरल’ म्हणून. पोलीस ॲक्शनच्या (हैदराबाद भारतात आणणाऱ्या 1948 च्या लष्करी कारवाईच्या) आसपासच्या पानांत आजोबांनी त्यांना सवयीनं रेसिडेंट म्हटलं असेल, तर मूळ शब्द तसाच ठेवा आणि खाली तळटीप द्या.