सीमेवर कुंपण घातलं की घुसखोरी आणि तस्करी थांबते का? देशाला त्याचा आर्थिक फायदा होतो का?

घुसखोरी कमी होते, तस्करी बहुतेक वेळा वाट बदलते. पैशांचा हिशेब मात्र तारेपेक्षा तिच्यातल्या फाटकांवर ठरतो. मी पुण्यात कांद्याचा व्यापार करतो. चाकणच्या बाजारातला माल बांगलादेशात पाठवतो, म्हणून त्या सीमेकडे माझं जास्त लक्ष असतं.

आधी सुरक्षा. पंजाबात पाकिस्तानच्या सीमेवर 1988 पासून तार लागली आणि रात्री शस्त्रं घेऊन सहज ये-जा करणं अवघड झालं. हा फायदा खराच. काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर 2004 पर्यंत कुंपण उभं राहिलं, घुसखोरी घटली. पण नोव्हेंबर 2003 मध्ये शस्त्रसंधीही झाली होती, त्यामुळे सगळं श्रेय तारेला देता येत नाही. आज पंजाबात हेरॉइन ड्रोनने पडतं आणि जम्मूतल्या सांब्यात तारेखालून खणलेले बोगदे सापडलेत. कुंपणामुळे जवानाला सावध व्हायला वेळ मिळतो. गस्त ढिली पडली तर तेवढाही उपयोग उरत नाही.

बांगलादेशची सीमा 4,096 किलोमीटरची. त्यातल्या तीन हजारांहून जास्त किलोमीटरवर कुंपण झालंय. उरलेल्या भागात नद्या, दलदल आणि भूसंपादनाची भांडणं. भारत-बांगलादेश यांच्यातल्या 1975 च्या सीमा-नियमांमुळे शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, 150 यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करता येत नाही, म्हणून तार बऱ्याच ठिकाणी आपल्याच हद्दीत आत सरकून लागली. परिणामी भारतीय शेतकऱ्यांची शेतं, काहींची घरंसुद्धा, तारेपलीकडे राहिली. स्वतःच्या शेतात जायचं तर फाटक उघडायच्या वेळेला ओळखपत्र दाखवायचं, वेळेत परतायचं. ताग उंच वाढतो, त्याच्या आड माणूस दिसत नाही, म्हणून तो लावण्यावरही बंधनं येतात. रात्री गुरं कुणी पिकात सोडली तर मालकाने काय करायचं? देशाच्या सुरक्षेची किंमत या माणसांकडून वसूल होते आणि त्यांना भरपाई नियमाने, वेळेवर मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

व्यापाराचं म्हणाल तर पश्चिम बंगालमधलं पेट्रापोल हे आपलं सर्वांत मोठं भूबंदर, म्हणजे रस्त्याने माल ये-जा करण्याचं सीमेवरचं ठाणं, समोर बांगलादेशातलं बेनापोल. तिथे गाडी रांगेत अडकली की ताडपत्रीखाली कांदा तापतो, पाणी सुटतं, वजन घटतं. ड्रायव्हरचा भत्ता आणि गाडी थांबून राहिल्याचं भाडं वेगळंच. सप्टेंबर 2020 मध्ये अचानक निर्यातबंदी आली, तेव्हा सीमेवर उभ्या गाड्यांतला माल सडला. त्याच्याशी तारेचा काही संबंध नव्हता. म्हणून माझं मत असं, की कुंपणावर जितका खर्च होतो, तितकीच निकड तपासणी नाके, गोदामं आणि स्कॅनर यांचीही आहे. मेघालयात 2011 मध्ये कालाईचरला सीमा-हाट सुरू झाला. दोन्हीकडच्या गावकऱ्यांना तिथे भाजीपाला आणि घरगुती वस्तू कायदेशीरपणे विकण्याची सोय झाली. असे हाट वाढले तर छोट्या माणसाला चोरवाटेची गरज कमी पडेल.

आता म्यानमारच्या 1,643 किलोमीटरच्या सीमेवर कुंपण घालायचं सरकारने 2024 मध्ये जाहीर केलंय. नागालँडमधलं लोंगवा गाव त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना वसलंय. तिथे फाटकं कुठे असतील आणि किती वेळ उघडी राहतील, हे खांब रोवण्याआधी गावाला विचारून ठरवावं.