वाचकांचे प्रश्न : घरचे म्हणतात, एक वर्ष थांब

यावेळी पत्रांचा गठ्ठा मोठा आहे. बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की दरवर्षी असंच होतं, पण नंदुरबार, धुळे, जळगावकडच्या मुलींची पत्रं एकामागून एक वाचली तेव्हा एकच वाक्य सारखं पुढे येत होतं, घरचे म्हणतात एक वर्ष थांब. शिकू नको असं आता तोंडावर फारसं कुणी म्हणत नाही, थांब म्हणतात, आणि थांबलेल्या किती पोरी परत कॉलेजला गेल्या ते आपापल्या गल्लीत बघितलं तरी कळेल. म्हणून या अंकातली सगळी जागा याच पत्रांना देतेय.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरची, पावरा समाजाची. आश्रमशाळेत शिकून बारावी सायन्स पास झाले. नंदुरबारला बीएस्सीला नंबर लागलाय पण सरकारी होस्टेलच्या यादीत नाव नाही आलं. रूम करून राहायला पैसे नाहीत. आईबाबा दिवाळीनंतर गुजरातला मजुरीला जातात, बाबा म्हणतात यावर्षी थांब, लहान भावाला सांभाळ, पुढच्या वर्षी होस्टेलला नंबर लागला की जा. मला थांबायचं नाहीये. काय करू?

उत्तर : थांबू नकोस. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

होस्टेलची एक यादी लागली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. काही मुली दुसरीकडे ॲडमिशन घेतात, काही येतच नाहीत, जागा रिकाम्या होतात आणि पुढची यादी लागते. तुझा तालुका तळोदा प्रकल्पात येतो, पण कॉलेज आणि होस्टेल नंदुरबारला आहे म्हणून तुला नंदुरबारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जायचंय. बऱ्याच मुली इथेच चुकतात, तळोद्याला जातात, तिथून नंदुरबारला पाठवतात, आणि त्यात एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं जातं. फॉर्मची प्रिंट घेऊन जा, वेटिंगला कितवा नंबर आहे ते विचार आणि वहीत लिहून ठेव.

तरीही जागा नाहीच मिळाली तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. अनुसूचित जमातीतल्या ज्या मुलामुलींना होस्टेल मिळायला हवं होतं पण जागेअभावी मिळालं नाही, त्यांच्यासाठीच ती आहे. राहण्याजेवणाचे आणि वह्यापुस्तकांचे पैसे थेट खात्यात येतात. पैसे हप्त्यांनी येतात आणि पहिला हप्ता उशिरा येतो, हे तुला आणि बाबांना आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर दोन महिने वाट बघून पोरी सामान घेऊन घरी येतात. म्हणून सुरुवातीला दोघीतिघींनी मिळून एक खोली घ्या, शक्यतो ओळखीच्या घरात, आणि घरमालकाला स्वयम् चे पैसे येणार आहेत हे सांगून ठेवा. कॉलेजच्या फीसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी आहे, तिचा फॉर्म महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर भरायचा, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत लागतं.

आता कागदांचं. तू दाखल्यांचे फोटो पाठवलेस म्हणून बरं झालं, कारण मला त्यात एक गोष्ट दिसली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव ‘पावरा’ आहे आणि आधार कार्डावर ‘पावारा’. एका कान्याचा फरक आहे, पण ऑनलाईन फॉर्म तिथेच अडतो आणि का अडला ते कुणी सांगत नाही. आधार दाखल्याप्रमाणे दुरुस्त करून घे, ते सोपं पडतं, दाखला बदलायला गेलीस तर महिने जातील. दुसरं, बँक पासबुक. खात्याला आधार लिंक आहे असं बँकवाले म्हणतात, पण शिष्यवृत्तीचे पैसे यायला खातं आधारला सीड झालेलं लागतं, म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात येण्यासाठी (यालाच डीबीटी म्हणतात) तेच खातं आधारशी जोडलेलं हवं, आणि एका आधारला असं एकच खातं चालतं. आश्रमशाळेत असताना उघडलेलं जुनं खातं जोडलेलं राहिलं असेल तर पैसे तिकडे जाऊन पडतात, आणि मुलगी म्हणते मला मिळालेच नाहीत. बँकेत जाऊन स्पष्ट विचार, माझ्या आधारला डीबीटीसाठी कोणतं खातं जोडलंय. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, तो दरवर्षी नवा काढावा लागतो, आईबाबा मजुरीला जायच्या आत बाबांची सही आणि कागद घेऊन ठेव.

राहिला भाऊ. त्याला बघायला कुणीतरी हवंच, बाबांची काळजी खोटी नाही. पण त्याला आश्रमशाळेत घालता येईल का हे विचारा, तिथे राहण्याजेवणाची सोय असते. घरात मोठी बहीण आहे म्हणून तिनेच वर्ष द्यायचं हे मला पटत नाही, आणि तुलाही पटत नाहीये म्हणून तर तू पत्र लिहिलंस.

प्रश्न : ताई, मी रावेर तालुक्यात केळीच्या बागेत कामाला जातो, ओबीसीत आहोत. मोठ्या पोरीला सीईटीत चांगले मार्क पडले, जळगावला इंजिनिअरिंगला नंबर लागला. सगळे म्हणे मुलींना फी माफ झाली. कॉलेजात गेलो तर क्लार्क म्हणे आधी सगळी फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ. बायको म्हणते पोत मोडू. गावातले म्हणतात एवढं करण्यापेक्षा यंदा राहू द्या. खरं काय ते सांगा.

उत्तर : भाऊ, पोत मोडू नका. वहिनींना माझा निरोप सांगा.

खरं असं आहे की ८ जुलै २०२४ ला शासन निर्णय निघाला आणि २०२४-२५ या वर्षापासून व्यावसायिक कोर्सला जाणाऱ्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी निम्मी माफ होती. हे ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींसाठी आहे, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ॲडमिशन सरकारी कॅप राऊंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतूनच, झालेलं हवं. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर एक रुपया माफ होत नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण गावात एखादा एजंट येतो, चांगलं कॉलेज मिळवून देतो म्हणतो, आणि फी माफी गेली हे पोरीला ॲडमिशन झाल्यावर कळतं. तुमच्या मुलीचा नंबर कॅपमधून लागलाय असं पत्रावरून दिसतं, पण अलॉटमेंट लेटर एकदा डोळ्याखालून घाला.

माफ असलेली फी आधी भरा असं कॉलेजला म्हणता येत नाही, शासनाने हे कॉलेजांना वेळोवेळी बजावलंय. क्लार्कशी वाद घालत बसू नका. साध्या कागदावर प्राचार्यांच्या नावाने अर्ज लिहा, मुलगी या योजनेत बसते, कोणती फी कशासाठी मागता ते लेखी द्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. लेखी द्या म्हटलं की बऱ्याचदा मागणीच खाली येते. नाही आली तर तंत्रशिक्षण विभागाचं विभागीय कार्यालय नाशिकला आहे, तिथे त्या पोचेची झेरॉक्स लावून तक्रार करा.

मात्र माफ काय नाही हेही ऐकून घ्या. होस्टेल, मेस, कॉलेजचे बाकीचे चार्जेस यात येत नाहीत. त्यासाठी ओबीसी मुलामुलींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, होस्टेल न मिळालेल्यांना राहण्याजेवणाचे पैसे मिळतात, जळगावला इतर मागास बहुजन कल्याणच्या ऑफिसात चौकशी करा. रावेरहून रेल्वेने अपडाऊन करू असा विचार असेल तर पहिल्या वर्षी तरी नको, सकाळचं प्रॅक्टिकल आणि संध्याकाळची गाडी यात अभ्यास राहून जातो. जात वैधता आणि नॉन क्रिमीलेअर हातात आहे ना ते बघा. आणि धाकटी जर अकरावीला असेल तर तिच्या जात वैधतेचा अर्ज आत्ताच टाका, बारावीच्या निकालानंतर टाकला तर सगळा तालुका तुमच्या पुढे रांगेत असतो.

प्रश्न : मी शिंदखेडा तालुक्यातली. २०२३ ला एसवाय बीए चालू असताना लग्न झालं, तेव्हा सासरचे म्हणाले होते वर्षभर थांब मग शीक. आता मुलगी दीड वर्षाची आहे. मिस्टर सुरतला कामाला आहेत. सासू नाही म्हणत नाहीत पण रोज कॉलेजला जाणं शक्य नाही. माझं शिक्षण संपलं का?

उत्तर : संपलं नाही गं. एफवायची मार्कशीट तुझ्याकडे आहे ना, ती जपून ठेव.

तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, जुन्या कॉलेजमधून परत सुरू करणं. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आता नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आलाय आणि तू जुन्या पॅटर्नची, त्यामुळे तुझे पास झालेले विषय किती धरतात हे कॉलेजच्या ऑफिसमधून विद्यापीठाला लेखी विचारून घ्यावं लागेल. तोंडी उत्तरावर विश्वास ठेवू नको. दुसरी वाट नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची, ते १९८९ पासून नेमकं तुझ्यासारख्यांसाठीच आहे. अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या कॉलेजांत असतात, रोज जावं लागत नाही, पुस्तकं मिळतात, घरी वाचून परीक्षा देता येते आणि डिग्री नोकरीला, स्पर्धा परीक्षेला चालते. मला तुझ्यासाठी दुसरी वाट बरी वाटते, बाळ लहान आहे म्हणून.

एक काम मात्र करू नको. घाईघाईत सगळीकडे नाव बदलू नको. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव लावतात आणि मार्कशीटवर माहेरचं राहतं, मग पुढे प्रत्येक फॉर्मला दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं. शिक्षणाची सगळी कागदपत्रं माहेरच्या नावावर राहू दे, त्याने संसाराला काही होत नाही. जातीचा दाखला वडिलांकडूनच चालतो, उत्पन्नाचा मात्र आता मिस्टरांचा लागेल, ते सुरतहून सुट्टीला आले की पहिल्याच दिवशी ते काम करून घ्या. आणि सासूबाईंना सरळ सांग की रविवारी अमुक ते अमुक वाजेपर्यंत पोरगी तुमच्याकडे. ‘जमलं तर बघा’ असं म्हणू नको, वेळ ठरवून माग, त्या नाही म्हणत नाहीत असं तूच लिहिलंयस.

प्रश्न : जळगावला बीएस्सी करते. घरी अहिराणी, शाळा मराठी, इथे सगळं इंग्रजीत. आईने कापूस वेचून मला इथे पाठवलंय. होस्टेलवर मी तिच्याशी फोनवर ‘काय व्हयनं माय’ म्हटलं की मुली हसतात. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, उत्तर येत असून तोंड उघडत नाही. सोडून बीएला जावं वाटतं.

उत्तर : बीए आवडत असेल तर जा, ते काही कमी नाही. पण हसतात म्हणून जाऊ नको. आईशी बोलताना आवाज तर अजिबात कमी करू नको, तिने कापूस वेचून तुला तिथे पाठवलंय हे तूच पत्रात लिहिलंस.

इंग्रजीचं म्हणशील तर सायन्सची इंग्रजी फार थोडी असते, तेच ते शब्द फिरून फिरून येतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधला ‘प्रोसिजर’चा भाग रोज रात्री मोठ्याने वाच, मनात नाही, मोठ्याने, कारण तुझी अडचण समजण्याची नाहीये, तोंडाला सवय नसण्याची आहे. रूममध्ये लाज वाटत असेल तर गच्चीवर जाऊन वाच. व्हायवाला पहिलं वाक्य पाठ करून जा, पुढे अडलीस तर सरांना सांग, सर मराठीत सांगते. बहुतेक जण ऐकून घेतात, ते स्वतःही कुठल्यातरी तालुक्याच्या मराठी शाळेतून आलेले असतात. पुढचं प्रॅक्टिकल कधी आहे ते कळव, आणि झाल्यावर काय विचारलं होतं तेही लिही.